आतून दार उघडेपर्यंत

सुजाता,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला सगळे उठून बोलले. जावई मिलिंदरावांचे तुआसच्या जहाजांच्या यार्डातले दोस्त बोलले, तुझ्या मैत्रिणी बोलल्या, परदेशातल्या या आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तर दोनदा बोलले. सुजाताताई कर्तव्यदक्ष अधिकारी होत्या, म्हणाले. कधी कुणाला दुखावलं नाही, म्हणाले. मी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. माझ्यापुढे माइक धरला तेव्हा मी मान हलवली. लोकांना वाटलं, आईला बोलवत नाही. तसं नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते त्या माइकवर सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून आता लिहिते. तुझ्या रियाने तिची जुनी शाळेची अर्धी कोरी वही दिली आहे. मंडळाच्या अंकात छापतो म्हणालेत, तर छापोत. माझी चौथी झालेली, तेव्हा जसं येतं तसं लिहीन.

तू गेलीस ती सकाळी, ऑफिसमध्ये. पाया लेबारला तुमच्या मजल्यावरच्या पँट्रीत चहाचं पाणी ठेवलंस आणि खाली बसलीस. डोक्यात रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. दुपारपर्यंत संपलं. अठ्ठेचाळीस वर्षांची होतीस. मी सत्याहत्तरची आहे आणि मला काही झालेलं नाही.

पण मला लिहायचंय ते दुसरंच. मी तुला एक वाक्य बोलले, आणि त्यानंतर तू अकरा दिवस जगलीस. ते वाक्य मिलिंदरावांनी आणि रियाने ऐकलं आहे. बाकीच्यांना आज कळेल.

तू नक्की काय काम करतेस ते मला खूप वर्षं समजलंच नव्हतं. सरकारी नोकरी एवढं ठाऊक होतं. एका रविवारी तू आपल्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये किचनच्या टेबलाशी कोथिंबीर निवडत होतीस, तेव्हा मी तुला धरलं.

"कंपन्यांशी भाव कोण करतं? तू?"

"भाव आधीच झालेला असतो, आई. सरकार एकदाच टेंडर काढतं, कंपन्या निवडतं, दर ठरवतं, अटी ठरवतं आणि यादी करतं. ती यादी काही वर्षं चालते. मग कुठल्या ऑफिसला सफाई हवी, गाडी हवी, माणूस हवा, तर माझ्यासारखीने यादीतला आयटम नंबर बघायचा, किती हवेत, कधी हवेत ते लिहायचं आणि सही करून ऑर्डर काढायची."

"म्हणजे घासाघीस नाही?"

"नाही."

"भांडण नाही?"

"नाही गं."

"मग तुला कशाला ठेवलंय? हे रियासुद्धा करेल."

रिया मोबाइलमधून डोकं न काढता इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आय कॅन ला, आजी." तू कोथिंबिरीची काडी तिला फेकून मारलीस आणि एक मला.

"ठेकाच की हा," मी म्हटलं.

"ठेका नाही. पिरियड कॉन्ट्रॅक्ट."

"इंग्रजीतला ठेका."

आपलं हे भांडण तिथे सुरू झालं आणि कधी मिटलं नाही. मी सोळा वर्षं पुण्यातल्या एका हॉस्पिटलात ठेक्यावरची आया होते. ठेका मला खालून ठाऊक होता, तुला वरून. तू म्हणायचीस, यादी असते म्हणूनच कुणाच्या मेव्हण्याला काम जात नाही, सगळ्यांना एकच नियम. ते खरं होतं. मी म्हणायचे, मेव्हणा नसेल, पण यादीत लिहिलेलं नाही ते काम कोण करतं?

"लिहिलेलं नाही ते कुणीच करत नाही, आई," तू एकदा म्हणालीस. "तिथेच तर गोची आहे."

आणि मग मी तुला माझी गोष्ट ऐकवायचे. तू ती लहानपणापासून ऐकलेली. वॉर्डातल्या एका म्हातारीला डिस्चार्ज मिळाला होता, बरोबर कुणी नव्हतं. मुकादम म्हणाला, आयाचं काम वॉर्डाच्या दारापर्यंत, पुढे जायचं नाही. मी तिला हाताला धरून रस्त्यावर नेलं, रिक्षात बसवलं आणि मगच परत आले. मुकादमाने मला चार दिवस घरी बसवलं. तू दहावीत ही गोष्ट निबंधात लिहिलीस आणि बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली. लग्न ठरताना मिलिंदरावांना सांगितलीस. रियालाही सांगितलीस, अगदी ती खोटं बोलताना पकडली गेली त्या दिवशी. आपली आजी कशी आहे बघ, म्हणून.

ही गोष्ट लक्षात ठेव. मला पुढे लागणार आहे.

मग तुझ्याकडे म्हाताऱ्यांच्या गाड्या आल्या. दिवसभर सेंटरमध्ये बसणाऱ्या म्हाताऱ्यांना संध्याकाळी घरी सोडायच्या गाड्या. यादीत काय होतं ते तू मला सांगितलं होतंस: एक गाडी, एक ड्रायव्हर, एक अटेंडंट, आणि माणसाला त्याच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, खालच्या लिफ्टपाशी सोडायचं. पुढे नाही. कारण अटेंडंट वर गेली तर गाडीत बसलेल्या बाकीच्यांना कोण बघणार?

तू एकदा स्वतः त्या गाडीत बसून आलीस. घरी येऊन चपला काढायच्या आधी बोलायला लागलीस. एक आजी वॉकर धरून लिफ्टमध्ये शिरेपर्यंत दार बंद होत होतं, ती परत बटण दाबत होती, परत बंद होत होतं. अटेंडंट गाडीपाशी उभी राहून हात हलवत होती, बाय बाय आंटी.

"मग पाठव की अजून एक माणूस," मी म्हटलं.

"यादीत दुसरा माणूस नाही."

"यादीत घाल."

"चालू यादीत घालता येत नाही. आणि यादीबाहेर जायचं तर नवं टेंडर. कित्येक महिने जातात."

"मग म्हाताऱ्यांना सांग, तेवढे महिने पडू नका."

तू चिडलीस. पण दुसऱ्याच आठवड्यात हसत घरी आलीस. तुला यादीत माणूस सापडला होता, फक्त दुसऱ्याच पानावर. अशर. समारंभात दाराशी उभे राहून पाहुण्यांना खुर्ची दाखवणारी माणसं, तासावर मिळणारी. त्यांचा आयटम होता, नंबर होता, दर ठरलेला होता. तू प्रत्येक गाडीमागे दोन अशर मागवलेस.

आणि आली ती माणसं त्यांच्या गणवेशात, काळा कोट, छातीवर रिबिनीचं फूल. वॉकरवाल्या आजींना हात देऊन लिफ्टमधून वर, घराच्या दारापर्यंत. म्हाताऱ्यांना आधी कळेना. गोह अंकल म्हणून एक होते, एकटे राहायचे, यिशुनचेच, आपल्यापासून चार ब्लॉक पलीकडे. त्यांनी पहिल्या दिवशी अशरला विचारलं, "माझं टेबल कितवं? नवरी कोणाची आहे?" तू हे सांगताना टेबलावर डोकं ठेवून हसलीस. मिलिंदरावांना ठसका लागला. मी तुला इतकं हसताना लग्नानंतर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गोह अंकल सेंटरला जाताना शर्ट इस्त्री करून जायला लागले, लग्नाला चाललोय म्हणून.

मी तुला तेव्हा म्हटलं नाही, पण मला तुझा अभिमान वाटला. म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून तसलं निघत नाही, तुला ठाऊक आहे.

तीन महिने चाललं. मग तपासणीवाल्यांनी कागद बघितले. समारंभाचा आयटम, समारंभ कुठे आहे? तुला पत्र आलं. चुकीच्या कामासाठी आयटम वापरला, याची नोंद तुझ्या फाइलला झाली. पुढच्या सोमवारपासून अशर बंद. तू घरी आलीस, हातपाय धुतलेस, जेवायला बसलीस आणि म्हणालीस, "चूक माझीच होती. आयटम चुकीचाच होता."

मला राग आला तो या वाक्याचा. पत्राचा नाही, तुझा. तू भांडली असतीस, रडली असतीस, तर मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते. तू मान खाली घालून वरण-भात कालवत होतीस आणि चूक माझीच म्हणत होतीस.

मग गोह अंकल पडले. गाडीने नियमाप्रमाणे लिफ्टपाशी सोडलं, ते एकटे वर गेले आणि लिफ्ट ते घर यांच्या मधल्या व्हरांड्यात पडले. शेजारीण कामावरून आली तेव्हा दिसले. खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. तू हे आम्हाला जेवताना सांगितलंस. आवाज अगदी सरळ होता.

"अटेंडंटची चौकशी झाली," म्हणालीस. "तिची चूक नाही. जे लिहिलं होतं ते सगळं केलं होतं."

आणि मी बोलले. "तो म्हातारा तुझ्या सहीने पडला."

रियाने मान वर केली. मिलिंदराव म्हणाले, "आई, अहो काय बोलताय." तू चमचा खाली ठेवलास. थोड्या वेळाने उठलीस, तुझं ताट धुतलंस आणि माझंही धुतलंस.

अकरा दिवस. भांडलो असतो तर बरं झालं असतं. आपण बोलत होतो, पण ते कसं? भात आहे. दूध संपलं. गोळी घेतलीस का? तू रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडून टेबलाशी बसायचीस आणि मला वाटायचं, माझ्याशी बोलायचं नाही म्हणून बसतेस. मी पण हट्टाने टीव्हीचा आवाज वाढवायचे. रोज वाटायचं, उद्या म्हणू. काय म्हणणार होते तेही ठरलं नव्हतं. बाराव्या दिवशी सकाळी तू दारातून म्हणालीस, "आई, येते." मी भाजी चिरत होते. मी हं म्हटलं.

एवढंच. हं.

तुझ्या मागे तुझ्या ऑफिसमधली आयनी घरी आली होती. तुझ्या शेजारच्या टेबलावरची, डोक्याला स्कार्फ बांधणारी, ईदला आपल्याकडे डबा पाठवायची ती. तुझं सामान खोक्यात घालून घेऊन आली. कप, एसीत घालायचा स्वेटर, सपाता आणि एक फाइल. फाइल खरं म्हणजे बाहेर न्यायची नसते, पण मी प्रत काढून आणली, म्हणाली. ती इंग्रजीत बोलत होती आणि रिया मला सांगत होती.

अशर बंद झाले त्याच आठवड्यात तू वर कागद पाठवला होतास. नवी यादी होईल तेव्हा एक आयटम घाला म्हणून. नमुन्याचं वाक्यसुद्धा तूच लिहून दिलं होतंस. रियाने वाचलं, "अटेंडंटने व्यक्तीला तिच्या घराच्या दारापर्यंत न्यावं आणि आतून दार उघडेपर्यंत थांबावं."

कागद परत आला. या यादीची मुदत संपायला अवकाश आहे, आता बदल नाही. तू परत पाठवलास. तो परत आला. या वेळी शेरा होता, थांबावं म्हणजे किती मिनिटं ते लिहा, त्याशिवाय दर ठरवता येत नाही. मग गोह अंकल पडले. मग तू तिसरा कागद करायला घेतलास.

"एव्हरी नाइट शी वॉज डुइंग दिस, आजी," रिया म्हणाली. "ॲट द टेबल."

तिसरा कागद फाइलमध्ये वर होता. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडा घालायची रिकामी जागा कळते. थांबावं याच्यापुढे चौकट होती आणि ती कोरी होती. तुला मिनिटं लिहिता आली नव्हती. आयनी म्हणाली, ती दहा लिहायची, खोडायची, पाच लिहायची, खोडायची. म्हणायची, कुणाला उठायला वेळ लागतो, कुणी बाथरूममध्ये असतं, कुणाला ऐकू येत नाही.

मी आयनीला विचारलं, "आता हा कागद कोण पाठवणार?"

रियाने विचारलं. आयनीने खोक्यातल्या स्वेटरची परत घडी घातली. मग म्हणाली, "सी हाऊ ला, आंटी." या शब्दांचा अर्थ मला रियाने सांगावा लागला नाही. इथे इतकी वर्षं राहिले. म्हणायला 'बघू', पण याचा अर्थ, कुणी नाही.

आता ती गोष्ट. मुकादम, म्हातारी आणि रिक्षा. मी तुला ती अर्धीच सांगितली होती, सुजाता.

मुकादमाने मला चार दिवस घरी बसवलं हे खरं. पाचव्या दिवशी मी कामावर गेले, आणि त्यानंतर एकदाही वॉर्डाच्या दाराबाहेर पेशंटला घेऊन गेले नाही. एकदाही नाही. काही महिन्यांनी एका म्हाताऱ्याला डिस्चार्ज मिळाला. हातात गोळ्यांची पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मला म्हणाला, "बाई, रिक्षापर्यंत सोडता का?" मुकादम समोर नव्हता. कुणीच बघत नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या कामात नाही, बाबा." तो भिंतीला धरून गेला. रस्त्यापर्यंत पोचला का, मला ठाऊक नाही. मी बघायला गेले नाही. त्यानंतर चौदा वर्षं तिथे होते आणि जे लिहिलं होतं तेवढंच केलं.

हे मी तुझ्या बाबांनासुद्धा सांगितलं नव्हतं. तुला पहिला अर्धा भाग सांगितला आणि तू तो निबंधात लिहिलास. मग तो मागे घेता आला नाही. तू मोठी झालीस, अधिकारी झालीस, आणि मी तुला त्या अर्ध्या गोष्टीने मोजत राहिले. तू ज्या बाईसारखी नाहीस म्हणून मी तुला बोलले, ती बाई मी कधी नव्हतेच. मी एकदा दाराबाहेर गेले, घाबरले आणि थांबले. तू पत्र आल्यावरही थांबली नाहीस. तीनदा कागद केलास. आपल्या दोघींत ठेकेदाराचं माणूस कोण होतं, ते आता मला स्वच्छ दिसतं.

मी हे सांगितलं असतं तर तुझा जीव वाचला असता असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, ती शीर कधीपासून तशीच असेल. पण ते अकरा दिवस तुझे वेगळे गेले असते. ते वाक्य डोक्यात घेऊन तू पँट्रीत गेली नसतीस. गेली असशीलच असंही नाही. मला ठाऊक नाही, आणि आता विचारायला कुणी नाही. लोक सांगतात, मनाला लावून घेऊ नका, आईचं बोलणं मुली विसरतात. तू विसरणारी नव्हतीस. दहावीचा निबंध तुला शेवटपर्यंत पाठ होता.

तू माझ्यासाठी काय काय केलंस ते मी इथे लिहीत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन केलंस. मला इंग्रजीत नाव लिहायला शिकवलंस, एका एका अक्षराला महिना लावलास, अंगठ्याजवळ पेन धरते म्हणून ओरडलीस. त्याचं काय झालं तेवढं सांगते.

तू होतीस तोवर मी सेंटरला गेले नाही. मुलीच्या गाडीत बसायला मला लाज वाटायची. आता घरी दिवसभर कुणी नसतं. मिलिंदराव तुआसहून उशिरा येतात, रियाचं कॉलेज असतं. म्हणून त्यांनी माझं नाव सेंटरमध्ये घातलं. दुपारभर तिथे बसते. संध्याकाळी गाडी येते, तीच तुझी, यादीतली. अटेंडंट चांगली आहे, म्यानमारची मुलगी आहे, मला आजी म्हणायला शिकली. आपल्या ब्लॉकच्या खाली लिफ्टपाशी मला उतरवते आणि एक कागद पुढे करते. त्यावर सही करायची असते, की माणूस घरी पोचलं. तू शिकवलेल्या अक्षरांत मी रोज सही करते, लिफ्टच्या खाली उभी राहून, की मी घरी पोचले.

ती म्हणते, "बाय बाय, आजी." मी लिफ्टने सातव्या मजल्यावर जाते. भिंतीला धरून दारापर्यंत जाते.

काल मी दाराशी जरा थांबले. तुझा कागद पास झाला असता तर ती मुलगी माझ्याशेजारी इथे उभी राहिली असती, आतून दार उघडेपर्यंत. मी बेल वाजवली. का वाजवली ते मला विचारू नकोस. आत बेल वाजलेली ऐकू आली. मी उभी राहिले. तुझ्या त्या चौकटीत काय लिहावं याचा विचार करत राहिले, पाच की दहा.

मग पिशवीतून किल्ली काढली.